‘हरकत’ या शब्दाचे दोन अर्थ : निजामकाळातील परभणी आणि विचाराची भाषा

१/
उर्दूत पदार्थविज्ञानातील गतीला ‘हरकत’ म्हणतात. मराठीत हरकत म्हणजे आक्षेप. निजामाच्या राज्यात उर्दू माध्यमातून विज्ञान शिकणाऱ्या परभणीच्या मराठी विद्यार्थ्यासमोर न्यूटनचे गतीचे नियम ‘हरकतीचे नियम’ म्हणून येत. धडा एका भाषेत आणि समज दुसऱ्या भाषेत, अशी कसरत मराठवाड्यातील काही पिढ्यांनी केली. माणूस परक्या भाषेत विचार करतो तेव्हा त्याची मातृभाषा नेमके काय करत असते, याचे उत्तर या इतिहासात सापडते. (थ्रेड)

२/
आधी नकाशा. १९४८ पर्यंत परभणी हा हैदराबाद संस्थानातील एक जिल्हा होता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे मिळून मराठवाडा होत असे. तेव्हाचा परभणी जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. परतूर तालुका १९८१ साली नव्या जालना जिल्ह्यात गेला, तर हिंगोली, वसमत, कळमनुरी हा भाग १९९९ साली हिंगोली जिल्हा म्हणून वेगळा झाला. या थ्रेडमध्ये ‘परभणी’ म्हणजे तो जुना, मोठा जिल्हा.

३/
संस्थानाची प्रजा बहुभाषक होती. सुमारे निम्मे लोक तेलुगू बोलत आणि सुमारे एक चतुर्थांश मराठी. कन्नड आणि उर्दू या भाषा बोलणारे प्रत्येकी दहा टक्क्यांच्या आसपास होते. राज्यकारभाराची भाषा मात्र आधी फारसी होती आणि १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीत जी भाषा चाले, ती परभणीतील बहुसंख्य शेतकऱ्यांच्या घरात बोलली जात नव्हती.

४/
या कारभाराची परिभाषा मराठवाड्यातील जुन्या माणसांच्या तोंडी अलीकडेपर्यंत होती. जिल्ह्याचा प्रमुख ‘अव्वल तालुकदार’, महसुली मंडळावर देखरेख करणारा ‘गिर्दावर’, दिवाणी न्यायाधीश ‘मुन्सफ’ आणि शाळेतील शिक्षक ‘मुदर्रिस’. शाळांच्या पायऱ्यांची नावेही अशीच होती. प्राथमिक ती ‘तहतानिया’, माध्यमिक ती ‘वस्तानिया’ आणि हायस्कूल म्हणजे ‘फौकानिया’. खेड्यातील मुलाला शिक्षणाच्या जिन्याची नावेसुद्धा आधी शिकावी लागत.

५/
आता या कथेतील सर्वांत महत्त्वाचा कागद. १९१७ साली संस्थानातील वरिष्ठ अधिकारी अकबर हैदरी यांनी निजाम मीर उस्मान अली खान यांना एक निवेदन सादर केले. इंग्रजीतून शिक्षण दिल्याने विद्यार्थ्याच्या स्मरणशक्तीवर अवाजवी भार पडतो, त्याची स्वतंत्र विचारशक्ती खुंटते आणि शिकलेला वर्ग सामान्य जनतेपासून तुटतो, असा त्यातील युक्तिवाद होता. त्यावर उपाय एकच : उच्च शिक्षण देशी भाषेतून द्यावे. यातूनच १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. तेथे माध्यम उर्दू होते आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय होता.

६/
या निर्णयाचे धाडस ओळखायला हवे. १८५७ साली स्थापन झालेली कोलकाता, मुंबई आणि मद्रास ही तिन्ही विद्यापीठे इंग्रजीत शिकवत होती. देशी भाषेत वैद्यक, अभियांत्रिकी किंवा उच्च गणित शिकवता येईल, यावर फारच थोड्यांचा विश्वास होता. एक ठळक अपवाद पुण्यात घडत होता. १९१६ साली धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ सुरू केले आणि त्याचे शिक्षण मराठीतून ठेवले. पण त्यामागे राजाश्रय नव्हता. हैदराबादने संपूर्ण राज्यसत्तेचे बळ एका भारतीय भाषेमागे उभे केले.

७/
त्यासाठी १९१७ मध्येच ‘दारुल तर्जुमा’ हा अनुवाद विभाग सुरू झाला. मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले प्रमुख. इतिहास, तत्त्वज्ञान, गणित, रसायन, वैद्यक अशा विषयांवरील शेकडो ग्रंथ येथे उर्दूत आणले गेले. नवे पारिभाषिक शब्द घडवण्यासाठी विद्वानांच्या समित्या बसल्या आणि त्यांत कडाक्याचे वाद झाले. बोलीतील उर्दूच्या वळणाने शब्द घडवावेत, असे काहींचे मत होते. तरीही परिभाषेचा मोठा भाग अखेर अरबी धातूंवरूनच घडला. आधुनिक भारतातील ज्ञानभाषेचा इतका मोठा प्रयोग त्या काळी अन्यत्र नव्हता.

८/
मात्र हैदरींच्या युक्तिवादात एक फट राहिली होती. इंग्रजी परकी, म्हणून स्मरणशक्तीवर भार. हे खरे मानले, तर परभणीच्या मराठी मुलासाठी उर्दू कोण होती? वरंगळच्या तेलुगू मुलासाठी, रायचूरच्या कन्नड मुलासाठी ती कोण होती? उर्दू ही संस्थानातील सर्वांना समजणारी सामायिक भाषा आहे, असे उत्तर दिले जाई. बाजारात ते बऱ्याच अंशी खरेही होते. पण सौदा ठरवण्यापुरती येणारी भाषा आणि प्रमेय सिद्ध करण्याची भाषा यांत फार मोठे अंतर असते.

९/
प्राथमिक वर्गांत मातृभाषेला जागा होती. पुढे माध्यमिक टप्प्यावर उर्दूचा पगडा बसे, आणि उच्च शिक्षणाचे दार उर्दूतूनच उघडे. मराठीतून शिकवू पाहणाऱ्या खाजगी शाळांची वाटही सोपी नव्हती. हैदराबादचे विवेकवर्धिनी किंवा गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय यांसारख्या संस्थांनी ती वाट धरली होती. पण १९२४ च्या नियमांनंतर खाजगी शाळा काढण्यासाठी सरकारी परवानगी बंधनकारक झाली. नेमक्या ज्या वयात मूल तर्क करायला शिकते, त्या वयात त्याच्या पायाखालची भाषा बदलत होती.

१०/
हा बदल नेमका कसा जाणवत असेल, हे शब्दांवरूनच तपासता येते. मराठी विद्यार्थ्याला उर्दू पुस्तकात तीन प्रकारचे शब्द भेटत. पहिला प्रकार पूर्ण अनोळखी शब्दांचा. त्रिकोण म्हणजे ‘मुसल्लस’, कोन म्हणजे ‘जाविया’, गुणाकार म्हणजे ‘जर्ब’ आणि वजाबाकी म्हणजे ‘तफरीक’. हे शब्द पाठ करावे लागत. कष्ट होते, पण धोका नव्हता; कारण आपल्याला हा शब्द येत नाही, एवढे तरी विद्यार्थ्याला पक्के ठाऊक असे.

११/
दुसरा प्रकार सामायिक शब्दांचा. बहामनी काळापासून मराठीने फारसी-अरबी शब्द मोठ्या प्रमाणावर घेतले होते. हिसाब, जमा, बाकी, कागद, दस्त, वसूल, फिर्याद हे शब्द परभणीच्या वाण्यालाही ठाऊक होते आणि पाटलालाही. ‘वजाबाकी’ या अस्सल शालेय मराठी शब्दाचे दोन्ही तुकडे मुळात अरबी आहेत. अशा शब्दांनी मराठी मुलाला उर्दूत शिरायला पूल दिला. इंग्रजी शिकणाऱ्या पुण्याच्या मुलाला असा आधार मिळत नव्हता.

१२/
तिसरा प्रकार सर्वांत फसवा. शब्द तोच, अर्थ वेगळा. मराठीत तारीख म्हणजे दिनांक. उर्दूत ती इतिहासालाही म्हणतात. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण, उर्दूत सारांश. मराठी माणूस प्रयत्नांची शिकस्त करतो, उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव. मराठीत तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, उर्दूत शिक्षण. उर्दू भूमितीत रेषेला ‘खत’ म्हणतात आणि चौरसाला ‘मुरब्बा’. शेतकऱ्याच्या मुलाला यातून शेणखत आणि आंब्याचा मुरांबा न आठवणे अवघडच.

१३/
येथे विनोद संपतो, कारण हेच शब्द न्यायालयातही होते. मराठीत राजीनामा म्हणजे पदत्याग किंवा हक्क सोडल्याचा लेख. उर्दू न्यायव्यवहारात ‘राजीनामा’ म्हणजे दोन्ही पक्षांच्या संमतीने झालेल्या तडजोडीचा कागद. मराठीत तक्रार म्हणजे गाऱ्हाणे, उर्दूत भांडण किंवा पुनरुक्ती. ज्याच्या जमिनीचा दावा मुन्सफापुढे उभा आहे, त्याला शब्द ओळखीचा वाटतो, म्हणून तो अर्थ विचारत नाही. अनोळखी शब्द माणसाला थांबवतो. ओळखीचा शब्द त्याला तसाच पुढे जाऊ देतो.

१४/
असे का होते? रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगॉट्स्की यांनी १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात याचे मूळ दाखवले. मूल परकी भाषा शिकते तेव्हा ते जग नव्याने शिकत नाही. मातृभाषेत आधीच तयार झालेल्या अर्थांच्या जाळ्यावर ते नवे शब्द बसवते. हे जाळे भक्कम असेल, तर दुसरी भाषा लवकर उभी राहते. ते अर्धवट असतानाच भाषा बदलली, तर नव्या शब्दांना टेकायला जागा मिळत नाही. मग उरते ती घोकंपट्टी. हैदरी यांनी ‘स्मरणशक्तीवरील भार’ म्हटले होते ते हेच.

१५/
आकडेमोडीत ही गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. जुन्या मराठी शाळेत साध्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ करून घेत. अशा मुलाने उर्दूत घातलेले गणित कागदावर उर्दू आकड्यांत लिहिले, तरी मनातला गुणाकार मराठीतच होणार. २००१ साली एलिझाबेथ स्पेल्के आणि सान्ना त्सिव्किन यांनी रशियन-इंग्रजी द्विभाषकांवर केलेल्या प्रयोगात हेच आढळले. नेमकी आकडेमोड ज्या भाषेत शिकली त्याच भाषेत ती चटकन आठवते. अंदाजाने केलेल्या तुलनेत मात्र असा फरक पडत नाही.

१६/
याची दुसरी बाजूही आहे. परकी भाषा विचाराला नेहमी दुबळाच करते, असे नाही. बोआझ केसार आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवले की एकच पर्याय ‘इतके वाचतील’ किंवा ‘इतके मरतील’ अशा वेगवेगळ्या शब्दांत मांडला, तर माणसांचे निर्णय मातृभाषेत बदलतात. परक्या भाषेत हा परिणाम कमी होतो. दुसरी भाषा भावनेपासून थोडे अंतर देते. पण हे अंतर त्यालाच उपयोगी पडते, ज्याला ती भाषा पुरेशी येते. निम्म्या समजलेल्या भाषेतील अंतर म्हणजे नुसता दुरावा.

१७/
परिणाम काय झाला? १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यात शंभरात दहाही माणसे साक्षर नव्हती. याचे सगळे खापर भाषेवर फोडता येणार नाही. शाळा थोड्या होत्या, जहागिरी मुलुखात त्या आणखी थोड्या, दारिद्र्य अफाट आणि मुलींसाठी वाट जवळजवळ बंद. पण जी थोडी मुले शाळेपर्यंत पोहोचत, त्यांच्यासमोर माध्यमाची ही दुसरी भिंत उभी असे. ज्यांच्या घरी कारकुनीची परंपरा होती, ज्यांचे वडील उर्दू-फारसी जाणत, ती मुले तरत. कुणब्याच्या, महाराच्या, मांगाच्या मुलाला घरी असा आधार नव्हता.

१८/
मराठीत गंभीर तर्क पेलण्याची ताकदच नव्हती का? सातशे वर्षांपूर्वी गोदावरीच्या याच खोऱ्यात या प्रश्नाचा निकाल लागला होता. चक्रधरांनी आपले तत्त्वज्ञान मराठीत सांगितले. संस्कृतपंडित केशवराज सूरी यांना नागदेवाचार्यांनी संस्कृतऐवजी मराठीतच प्रश्न विचारायला सांगितले, कारण संस्कृतात गेलेले ज्ञान पंथातील साध्या बायाबापड्यांच्या हातून निसटले असते. ज्या भाषेत गुरूने सांगितले आणि ज्या भाषेत ऐकणारा शंका काढू शकतो, ती भाषा ज्ञानाची, असा हा विचार होता. महानुभाव कवी भास्करभट्ट बोरीकर यांचे नाव परभणीतील बोरी गावाशी जोडले जाते.

१९/
मराठीभाषकांची बाजूही तपासायला हवी. १९२१ साली हैदराबादच्या विवेकवर्धिनीत सामाजिक सुधारणा परिषद भरली आणि अध्यक्षस्थानी होते महर्षी कर्वे. तेथे एक तेलुगू वकील आपल्या भाषेत बोलायला उभे राहिले, तेव्हा मराठीभाषक श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडवली. मातृभाषेतून विद्यापीठ चालवणाऱ्या माणसाच्या सभेत हे घडले. त्या अपमानातून आंध्र जनसंघम् ही संघटना उभी राहिली. आपल्या भाषेचे दुखणे कळणे सोपे असते. दुसऱ्याच्या भाषेचे कळायला वेळ लागतो, आणि ही चूक एकट्या निजामाची नव्हती.

२०/
मराठवाड्यातील मराठीभाषकांची संघटित हालचाल १९३७ साली सुरू झाली. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील परतूर येथे भरले. राजकीय सभांवर कडक बंधने असलेल्या राज्यात भाषिक परिषदा हेच लोकांना एकत्र येण्याचे साधन होते. आंध्र, महाराष्ट्र आणि कर्नाटक अशा तिन्ही परिषदांतून पुढे हैदराबादच्या स्वातंत्र्यलढ्याचे कार्यकर्ते घडले. आपली गाऱ्हाणी आपल्या भाषेत मांडता येणे ही त्या लढ्याची पहिली पायरी ठरली.

२१/
दोन भाषांमध्ये जगलेला परभणीचा सर्वांत लक्षणीय माणूस म्हणजे कवी-कादंबरीकार बी. रघुनाथ. मूळ नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. जन्म १९१३ साली सातोना येथे, शिक्षण हैदराबादेत, मॅट्रिकपर्यंत. नंतर निजामाच्या बांधकाम खात्यात नोकरी, परभणीत वास्तव्य आणि तेथेच १९५३ साली, वयाच्या चाळिशीत निधन. दिवसा सरकारी खात्यातील कारकुनी आणि उरलेल्या वेळात मराठी कविता, कथा, कादंबऱ्या. ‘आलाप आणि विलाप’ हा त्यांचा कवितासंग्रह १९४१ सालचा.

२२/
त्यांच्या पुस्तकांची नावे पाहावीत : ‘साकी’, ‘छागल’, ‘फकिराची कांबळी’. उर्दू त्यांच्या मराठीत पाहुणी म्हणून येत नाही, घरची म्हणून वावरते. येथे दुसऱ्या भाषेचा ओघ उलट दिशेने वाहताना दिसतो. मातृभाषेचा पाया पक्का असल्यामुळे दुसऱ्या भाषेने त्यांना दबवले नाही, समृद्ध केले. उर्दू ही मराठवाड्याची शत्रू कधीच नव्हती. अन्याय होता तो मराठीची पायरी काढून घेऊन थेट उर्दूच्या माडीवर चढायला सांगण्यात.

२३/
पुढच्या पिढीत नरहर कुरुंदकर आले. जन्म १९३२, गाव कुरुंदा, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील वसमत तालुक्यात. बालपण निजामाच्या राज्यात, पुढचे कार्यक्षेत्र नांदेड. इतिहास, धर्म, राजकारण, साहित्यशास्त्र अशा विषयांवर त्यांनी मराठीत केलेली तर्कशुद्ध मांडणी आजही तरुण वाचतात. गावातल्या सभेत बसलेल्या शेतकऱ्याला आणि प्राध्यापकाला एकच युक्तिवाद एकाच भाषेत पटवून देता येतो, हे त्यांच्या व्याख्यानांनी दाखवले. ज्या प्रदेशात उच्च विचाराची वाट दुसऱ्या भाषेतून जात होती, तेथूनच हा विचारवंत आला.

२४/
सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि उस्मानियाचे माध्यम लवकरच इंग्रजी झाले. तीस वर्षांत उर्दूत उभा केलेला ज्ञानाचा डोलारा ओस पडला. उर्दूभाषक विद्यार्थ्यांवर आता तोच भार आला, जो आधी मराठी मुलांवर होता. मराठवाडा १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ निघाले. १९५३ साली युनेस्कोने जगभरच्या अनुभवाचा आढावा घेऊन अहवाल दिला : शिक्षणाची सुरुवात मातृभाषेतून व्हावी आणि तिचा वापर शक्य तितका लांबवावा.

२५/
तो काळ अजून पूर्ण मिटलेला नाही. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरे तपासायला घेतली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. पणजोबांची ओळख ज्या कागदावर लिहिली आहे, तो कागद पणतवंडाला वाचता येत नाही. आणि आज परभणीतच शेतकऱ्याचे मूल इंग्रजी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकते. ‘वर्क’ म्हणजे काम आणि ‘पॉवर’ म्हणजे ताकद, हे घरी शिकलेले अर्थ घेऊन ते पदार्थविज्ञानाच्या तासाला बसते. ‘हरकत’ची जागा नव्या शब्दांनी घेतली आहे.

२६/
हैदरी यांनी १९१७ साली मांडलेले तत्त्व चुकीचे नव्हते, ते अर्ध्यावर थांबले होते. दुसऱ्या भाषेत तर्क करणाऱ्या माणसाच्या मनात पहिली भाषा सतत कामावर असते : अर्थ पुरवते, गुणाकार करते, कधी फसवते. तिला वर्गाबाहेर ठेवता येत नाही, फक्त तिच्याकडे दुर्लक्ष करता येते. म्हणून शिक्षकाने उर्दूतला ‘हरकत’ शिकवताना मराठीतली ‘हरकत’ही फळ्यावर लिहावी, दोन्हींमधला फरक बोलून दाखवावा. परभणीच्या कितीतरी मुलांना एवढेच हवे होते.